ट्राउटसाठी ट्रोलिंग करायचंय, रील कोणतं घेऊ?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी बहुतेक जसंच्या तसं ठेवलंय.)

आजचा विषय रील. इन्स्टाग्रामवरची नव्हे, गळाच्या काठीला लावतात ते रील. आणि ट्रोलिंगही कमेंटमधलं नाही. बोट अगदी हळू, माणूस भरभर चालतो त्याहूनही कमी वेगानं चालवायची, मागे पाण्यात आमिष ओढत न्यायचं आणि मासा त्याच्यामागे येईल याची वाट बघायची, हे मासेमारीतलं ट्रोलिंग. इंटरनेटवरचा शब्दही इथूनच गेला असं बरेच जण सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. आमिष ओढत राहायचं, कोणीतरी चिडून तोंड घालतंच.

तर झालं असं, सॅक्रामेंटोला राहणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचे बाबा जूनमध्ये पहिल्यांदा अमेरिकेला येतायत. त्यांची हयात दाभोळच्या खाडीवर गरवण्यात गेली. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. मी घाटावरचा, मला हा शब्दच त्याच्याकडून कळला. काठी नाही, रील नाही, हातात तंगूस आणि बोटाला लागलेली माशाची चाहूल, एवढ्यावर सगळं. आता गुडघे गेलेत, ऑपरेशन व्हायचंय, त्यामुळे पुन्हा इतक्या लांब येणं होईल असं वाटत नाही. पोराला वाटतंय की बाबांना लेक टाहोला न्यावं, भाड्यानं बोट घ्यावी आणि ट्राउट धरून दाखवावा. तो दुकानात गेला तर भिंतभर रीलं! दुकानदारानं त्याला एक चकचकीत स्पिनिंग रील दाखवलं. अकरा बॉल बेअरिंग, पंचवीस पाउंड ड्रॅग वगैरे. दोन रीलांना मिळून बजेट दोनशे डॉलर. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, हे घेऊ का?"

नको घेऊस. का नको, ते सांगतो.

दुकानात जी रीलं मांडलेली असतात, त्यातली बरीचशी गळ लांब फेकण्यासाठी बनवलेली असतात. काठावर उभं राहून दिवसभरात तीनशे वेळा फेका, तीनशे वेळा गुंडाळा. तिथे हलकेपणा, गुळगुळीतपणा, वेग, सगळ्याला अर्थ आहे. ट्रोलिंगमध्ये तुम्ही काही फेकतच नाही. बोट पुढे जाते आणि दोरी मागे सुटत जाते, बस्स. मग ती काठी खुंटीत उभी राहते, कधी तासभर. रीलचं काम उरतं दोन क्षणांपुरतं. दोरी सोडताना किती सोडली ते सांगणं, आणि मासा लागल्यावर न झटकता ढील देणं. या दोन कामांत जे रील चांगलं, ते चांगलं. बेअरिंगचा आकडा हा मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखा आहे, डब्यावर छापायला छान.

आधी 'किती सोडली' याबद्दल बोलू, कारण टाहोला सगळा खेळ खोलीचा आहे. हे तळं कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटर उंचीवर आहे, आणि सगळ्यात खोल जागी ५०१ मीटर आहे. कुतुबमिनार एकावर एक सहा ठेवले तरी वर पाणी राहील. ट्राउट हा गार पाण्याचा जीव. इथला मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट, स्थानिक लोक त्याला मॅकिनॉ म्हणतात. त्याला दहा अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी आवडतं. रेनबो ट्राउट त्याहून थोडा उबदार पाण्यातला, तो पहाटे वरच्या थरात, काठाजवळच्या उथळ भागात येतो. ऊन चढलं, उन्हाळा वाढला, की वरचं पाणी तापतं आणि मॅकिनॉ खाली खाली जातो. शंभर फूट, दोनशे फूट, कधी त्याहून खाली. तुमचं आमिष साठ फुटांवर आणि मासे एकशेवीसवर, तर जगातलं सर्वांत महाग रीलही दिवसभर नुसतं पाणी विंचरत राहणार.

त्या बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कोकणातला मासेमार पाणी वावांत मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. दोरी सोडताना हातानं वाव मोजत जातात. ट्रोलिंगमध्ये हे काम करणाऱ्या रीलला लाइन काउंटर म्हणतात. वर एक छोटी खिडकी, तिच्यात गाडीच्या जुन्या किलोमीटरच्या आकड्यांसारखे आकडे फिरतात. ८५ वर मासा लागला? मासा काढा आणि दोरी पुन्हा ८५ वर सोडा. एवढंच.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, थोडं सहन करा. तो काउंटर दोरी मोजतच नाही. तो मोजतो स्पूलच्या फेऱ्या, आणि एका फेरीला अमुक इतकी दोरी असं धरून चालतो. समजा, स्पूल काठोकाठ भरलेला असताना दोरीच्या गुंडाळीचा व्यास ५० मिलिमीटर आहे. एका फेरीला १५७ मिलिमीटर दोरी सुटेल. आता तुम्ही कंजूषपणा करून स्पूल अर्धवटच भरला आणि व्यास ४० झाला, तर एका फेरीला सुटणार फक्त १२६. काउंटरला त्याचा पत्ता नाही. तो शंभर फूट दाखवेल आणि पाण्यात असतील जेमतेम ऐंशी. शिवाय दोरी सुटत जाते तसा व्यास कमी होतच जातो, म्हणजे पुढे पुढे चूक वाढते.

मग काउंटर निरुपयोगी का? अजिबात नाही. आकडा खरा असण्याची गरज नाही, आकडा तोच परत येण्याची गरज आहे. आपल्या धंद्यात म्हणतात ना, बग रिप्रोड्यूस झाला पाहिजे, तसंच. म्हणून माझा सगळ्यात ठाम सल्ला हा: दोन काठ्या लावणार असाल तर दोन्ही रीलं एकाच कंपनीची, एकाच मापाची घ्या, दोन्हींवर एकच दोरी, आणि दोन्ही सारखीच काठोकाठ भरलेली. एका काठीला ८५ वर मासा लागला तर दुसरीही ८५ वर नेता आली पाहिजे. एक भारी रील आणि एक जुनं उधार आणलेलं, यापेक्षा दोन मध्यम जुळी रीलं कधीही बरी. घरी आणल्यावर पार्किंगमध्ये मोजपट्टी पसरा, शंभर फूट दोरी ओढून काढा आणि काउंटर काय म्हणतो ते कागदावर लिहून रीलला चिकटवा. पंधरा मिनिटांचं काम.

बजेटमध्ये बसणारी अशी रीलं मिळतात. ओकुमाची मॅग्डा प्रो ही साधी, स्वस्त आणि इकडच्या तळ्यांवर भरपूर दिसणारी. त्याच कंपनीची कोल्डवॉटर त्याच्या वरची. दायवाची सीलाइन जुनी आणि भरवशाची. शिमानोची टेकोटा सुंदर आहे, पण दोनशे डॉलरमध्ये दोन टेकोटा म्हणजे स्वप्न. एकदाच्या सहलीसाठी मी ओकुमाच्या दोन साध्या घेईन आणि उरलेले पैसे चांगल्या दोरीवर घालेन.

आणि समजा काउंटरवालं घ्यायचंच नसेल? तरी मार्ग आहे. साध्या गोल रीललासुद्धा लेव्हलवाइंड असतो. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना आई बोटानं दोरा इकडून तिकडे फिरवते ना, सारखा बसावा म्हणून? तेच काम करणारा छोटा सरकता भाग. दोरी सोडताना तो डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो. एका फेरीत किती फूट सुटते ते एकदा मोजायचं आणि मग फेऱ्या मोजायच्या. अनेक जुने लोक आजही असंच करतात. हा म्हणजे वाव मोजण्याचाच चुलतभाऊ.

आता स्पिनिंग रील. काठीच्या खाली लटकतं, तार उघडली की दोरी सुटते, ते. दुकानदार ते का दाखवतो हे कळतं, नवख्याला सोपं असतं. ट्रोलिंगला त्यानं मासा लागतच नाही असंही नाही. एखादी हलकी काठी, वरच्या पाण्यात, पहाटेची वेळ, चालून जातं. पण तार उघडली की दोरी भसाभस सुटते, अंगठ्यानं आवरता येत नाही. गोल रीलला स्पूलवर अंगठा ठेवून दोरी हवी तशी सोडता येते. पतंग उडवणाऱ्याला आसारी हातात खेळवायची सवय असते, तसं. दुसरं, मासा दोरी ओढत असताना तुम्ही हँडल फिरवत राहिलात, तर स्पिनिंग रीलमध्ये दर फेरीला दोरीला पीळ पडतो. दोन-तीन मासे झाले की दोरीच्या अशा गाठी होतात की सोडवता सोडवता सूर्य डोक्यावर.

ढील. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

रीलमध्ये ड्रॅग असतो, म्हणजे ब्रेक. बाजूला चांदणीसारखं चाक असतं, त्यानं घट्ट-सैल करायचा. माशानं ठरावीक ताकदीपेक्षा जास्त ओढलं की स्पूल घसरतो आणि दोरी सुटते. पतंगाला ढील दिली नाही तर मांजा तुटतो, फार दिली तर पतंग लोळतो, तेच इथे. डब्यावर लिहिलेलं असतं 'कमाल ड्रॅग २५ पाउंड'. तुमची दोरी दहा-बारा पाउंडांची. ड्रॅग लावायचा तिच्या पाव हिश्शाच्या आसपास, म्हणजे अडीच-तीन पाउंडांना. सव्वा-दीड किलो. मग पंचविसाचं करायचं काय?

बघायचं असतं ते वेगळंच. सुरुवात. कपाट सरकवताना पहिला धक्का जड जातो आणि एकदा सरकलं की हलकं वाटतं, आठवतं? फिजिक्समधलं स्थितिक आणि गतिक घर्षण. वाईट ड्रॅगमध्ये हा फरक मोठा असतो. ट्रोलिंगमध्ये बोट एका दिशेला चाललेली, मासा येऊन तोंड मारतो आणि दुसऱ्या दिशेला वळतो. त्या क्षणी ड्रॅग अडकून मग एकदम सुटला, तर झटका बसतो. ट्राउटच्या ओठाची कातडी मऊ. कोकनी म्हणून लाल मांसाचा छोटा सामन टाहोत आहे, त्याचं तोंड तर ओल्या कागदासारखं. गळ फाडून निघून जातो, आणि तो मासा जखमी होऊन खाली जातो तो वेगळाच.

म्हणून दुकानात रील हातात घ्या, ड्रॅग सैल करा आणि दोरी अगदी हळू ओढा. सुरुवातीला हाताला ठेच लागते का? कार्बनच्या चकत्यांचे ड्रॅग साधारणपणे या बाबतीत चांगले निघतात. घरी नेमका ड्रॅग लावायला वेगळं यंत्र विकत घेऊ नका. आपल्या प्रत्येकाच्या घरी बॅग तेवीस किलोच्या आत बसवायला घेतलेला आकड्याचा काटा असतो. दोरी त्याला बांधा, ओढा, दीड किलोच्या आत सुटली पाहिजे. लाडू-चिवड्यानंतर त्या काट्याला दुसरं काम मिळालं.

दोरीबद्दल थोडक्यात. नायलॉनची, म्हणजे आपली तंगूस, ताणली जाते, आणि नवख्याच्या हातात तो ताण माशाचा झटका खाऊन टाकतो. विणलेली दोरी बारीक असते, ताणतच नाही, खोलवर छान जाते, पण मग ड्रॅग आणखी नीट हवा, आणि ती स्पूलवर गोल गोल घसरू नये म्हणून खाली आधी थोडी नायलॉनची गुंडाळावी लागते. बाबांसाठी नायलॉन. दहा-बारा पाउंडांची.

रीलचं माप मात्र दोरी खोल कशी नेणार त्यावर ठरतं. डाउनरिगर असेल, म्हणजे बोटीवरच्या छोट्या क्रेनला चार-पाच किलोचा गोळा लावून खाली सोडायचा आणि त्याला चिमट्यात आपली दोरी अडकवायची, तर खोली तो गोळा सांभाळतो. तुमचा काउंटर फक्त आमिष गोळ्याच्या किती मागे आहे ते सांगतो. त्याला छोटं रील पुरतं, दोनशे यार्ड दोरी बसली की झालं. पण डाउनरिगर नसेल तर लोक लेडकोअर वापरतात. विणलेल्या आवरणाच्या आत शिशाची तार. दर दहा यार्डाला तिचा रंग बदलतो, त्यामुळे काउंटर नसला तरी चालतो. "चार रंग सोड" एवढं म्हटलं की समजतं. एका रंगाला ढोबळ पाच फूट खोली धरतात, बोट हळू असेल तर जास्त, वेगात असेल तर कमी. ही दोरी जाड. दहा रंग आणि खाली आधाराची दोरी बसवायची तर मोठंच रील लागतं, छोट्यावर ती मावणारच नाही. म्हणून बोट भाड्यानं घेताना आधी विचार, डाउनरिगर आहे का? उत्तर आल्यावरच रीलचं माप ठरव. उलटं केलंस तर पैसे दोनदा जातील.

गिअर रेशो हा दुसरा मोठा बोलबाला. हँडलच्या एका फेरीत स्पूल किती वेळा फिरतो, तो आकडा. सायकलचा गिअर समजा. चढाला लहान गिअर लागतो. मागे चमकणारी पत्र्याची पाती आणि दोनशे फूट दोरी असताना ओढायचं म्हणजे चढच. साधारण चार ते पाचला एक पुरे. सहा-सातला एक घेतलंत तर हात भरून येतील.

आणि हळू ओढण्याला आणखी एक कारण आहे, ते दुकानात कोणी सांगत नाही. खोलवरून मासा वर येतो तेव्हा त्याच्या पोटातल्या वायुपिशवीतली हवा फुगते. ट्राउटच्या जातीत त्या पिशवीला घशाकडे उघडणारी नळी असते, त्यामुळे तो वर येता येता ती हवा सोडू शकतो. पाण्यावर बुडबुडे दिसतात. पण त्याला वेळ मिळाला तर. खसाखसा ओढून काढलेला मासा पोट वर करून तरंगतो, आणि मग "सोडून दिला" या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. उलट, ड्रॅग फार सैल ठेवून अर्धा तास खेळवत बसलात, तरीही तो दमून मरतो, त्यात वरचं पाणी गरम असेल तर लवकरच.

मॅकिनॉ फार सावकाश वाढतो आणि कित्येक दशकं जगतो. मी अठ्ठावीसचा आहे. टाहोतला एखादा मोठा मॅकिनॉ माझ्याहून वयानं मोठा असू शकतो. त्याला निदान अहो-जाहो करावं. गंमत अशी की तो मुळात इथला नाहीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आणून सोडलेला. इथला मूळचा लाहोंटन कटथ्रोट ट्राउट बेसुमार मासेमारी, अंडी घालायच्या ओढ्यांची नासधूस आणि या पाहुण्यामुळे १९३०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टाहोतून संपला. आता तो पुन्हा आणून सोडतायत. खायला एखादा ठेवायचा असेल तर नियमात बसेल तो ठेवा, खुशाल तव्यावर टाका. उरलेले परत जाताना जिवंत जाऊ देत.

क्लिकर राहिला. बाजूला एक छोटं बटण, ते दाबलं की दोरी सुटताना करकर आवाज येतो. नोटिफिकेशनच ते. पहाटेच्या अंधारात, थर्मासमधला चहा ओतताना, तो आवाज आला की कप कुठे जाईल ते बघू नका, काठी उचला. रील घेताना तो मोठ्यानं वाजतो का ते ऐका. वय झालेल्या माणसाला बारीक आवाज ऐकू येत नाही. आणि बाबा डावखुरे असतील तर आधीच बघ, या प्रकारची बरीच रीलं उजव्या हाताच्या हँडलची येतात, डाव्या हाताची मोजकी.

त्यानं मेसेजच्या शेवटी एक विचारलं होतं, जाताना एक रील बाबांना गावी देऊ का. नको रे. हे गोड्या पाण्यासाठी घेतलेलं साधं रील, खाडीच्या खाऱ्या पाण्यात रोज धुतलं नाही तर गंजेल, आणि आत काउंटरची बारीक चाकं आहेत, ती आधी अडकतील. शिवाय खाडीत ट्रोलिंगला जागा कुठे? सुरमईसाठी बाहेर समुद्रात ओढायचं तर वेग जास्त, मासा जास्त ताकदीचा, रील वेगळंच लागतं. बाबांची हातदोरी तिथे बरोबर आहे. एक काम मात्र कर. बोटीत एक काठी तू धर आणि एकदा तरी खुंटीतून दुसरी काढून दोरीच त्यांच्या बोटांत दे. हँडल तू फिरव. मासा काय करतोय ते त्यांना काउंटरपेक्षा आधी कळेल.

बाकी कामाच्या गोष्टी: टाहोवर कॅलिफोर्निया किंवा नेव्हाडा, कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो, पण तो दोघांनाही लागेल, पाहुणा असला तरी. एका माणसानं किती काठ्या लावायच्या आणि किती मासे ठेवायचे, ते त्या वर्षीच्या नियमांत बघून घे. स्वतःची बोट नेणारे असाल तर ती पाण्यात सोडण्याआधी तपासणी होते, बाहेरचे शिंपले वगैरे येऊ नयेत म्हणून, त्याला वेळ धरा. जूनमध्येसुद्धा पहाटे चारला तिथे कडाक्याची थंडी असते. बाबांना कानटोपी घाल. नको म्हणतील, तरी घाल.

पुढच्या भागात डाउनरिगर. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, फक्त एक मिनिटाच्या आतला पाठवा.